समुपदेशकाची पारख

मनाच्या दुखण्यासाठीं नाशिक शहरांत योग्य समुपदेशक शोधूं पाहणाऱ्या कुटुंबाची आज जी स्थिति होते, तिचें वर्णन करण्यास अलंकारिक भाषेची गरज नाहीं. मुलाला परीक्षेच्या आधीं धाप लागते, हातपाय गार पडतात, रात्र रात्र झोंप येत नाहीं. किंवा घरचा कर्ता पुरुष क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो, आणि त्याच्या पावलांच्या आवाजावरून आजची संध्याकाळ कशी जाणार हें ओळखण्यास सारें घर शिकतें. अशा वेळीं हें कुटुंब काय करतें? प्रथम तें कांहींच करीत नाहीं. मग कोणी मावशी सांगते कीं, त्र्यंबकेश्वरीं शांति करून घ्या. कोणी स्नेही सांगतो कीं, दहा दिवस इगतपुरीस जाऊन या. कोणी आपल्या घरांत उरलेल्या झोंपेच्या गोळ्या आणून देतो. सर्व उपाय थकले म्हणजे मग रस्त्यावरची एखादी पाटी पाहून किंवा मोबाइलवरची जाहिरात वाचून एका सर्वस्वी अनोळखी माणसापुढें घरांतील सर्वांत नाजूक गोष्ट उघडी केली जाते. त्या माणसाचें शिक्षण काय, त्यानें कोणाच्या हाताखालीं काम केलें, त्याची नोंद कोठें आहे, यांतील एकहि प्रश्न विचारला जात नाहीं. द्राक्षांचा व्यापारी पारखतांना जो दहा ठिकाणीं चौकशी करतो, मुलीचें स्थळ पाहतांना जो तीन पिढ्यांचा इतिहास काढतो, तोच गृहस्थ मनाचा वैद्य निवडतांना डोळे मिटून घेतो. आमचा आक्षेप या डोळे मिटण्यावर आहे.

या विषयावर लिहूं लागलें कीं, एक जुना आक्षेप तत्काळ पुढें येतो. त्याचा निकाल आधीं लावलेला बरा. ज्या समाजापाशीं गीता आहे, ज्ञानेश्वरी आहे, मनाचे श्लोक आहेत, त्या समाजास मन आवरण्यासाठीं फी घेणारा माणूस कशाला हवा, असें विचारलें जातें. नाशिककरांच्या तोंडीं हा प्रश्न विशेष शोभतो. कारण समर्थ रामदासांनीं बारा वर्षें तपश्चर्या केली ती या शहराला लागूनच असलेल्या टाकळीस, अशी परंपरा आहे. मनाच्या श्लोकांविषयीं आमचा आदर या आक्षेपकांहून तिळभरहि कमी नाहीं. परंतु त्या २०५ श्लोकांची जी रीत, तीच नेमकी आक्षेपक विसरतात. समर्थ मनाशीं बोलतात. आमच्या घरांत मात्र मनाचा विषय निघाला कीं बोलणेंच बंद होतें. "इतकें काय मनाला लावून घ्यायचें?", "आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं", "चार लोकांत हंसें करूं नकोस", हीं आमचीं तीन ठराविक उत्तरें; आणि तीं देऊन झालीं कीं वर श्लोक म्हणण्याचा उपदेश! ज्या मुलाची छाती धडधडते, ती श्लोक पाठ नसल्यामुळें धडधडत नाहीं. धर्मग्रंथ मनुष्यास दिशा दाखवितो. परंतु दिशा ठाऊक असूनहि पाऊल उचलत नाहीं, अशी जी अवस्था होते, तिच्यासाठीं निराळ्या जाणत्याची गरज लागते. पाय मोडलेल्या माणसास तीर्थयात्रेचें माहात्म्य कितीहि सांगितलें तरी तो चालूं लागत नाहीं; आधीं हाड बसवावें लागतें. आणि हाड बसविल्यानें तीर्थाचा अपमान होतो असें कोणी म्हणत नाहीं.

त्र्यंबकेश्वरीं होणाऱ्या नारायण-नागबळीच्या किंवा कालसर्पशांतीच्या धार्मिक मूल्याचा वाद घालण्याचें येथें प्रयोजन नाहीं. ज्यास त्यांत समाधान वाटत असेल त्यानें तीं कर्में खुशाल करावीं. मात्र विधि झाला म्हणून उपचार पुढें ढकलूं नये. इगतपुरीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तेथील धम्मगिरि केंद्रांत १९७६ पासून विपश्यनेचीं शिबिरें भरत आलीं आहेत, आणि रागीट नवऱ्यास किंवा धास्तावलेल्या मुलास तेथें धाडून देण्याची आमच्या जिल्ह्यांत एक रूढीच पडून गेली आहे. गंमत अशी कीं, ही साधना वैद्यकीय किंवा मानसिक उपचारांची जागा घेऊं शकत नाहीं, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांस तिची शिफारस करतां येत नाहीं, असें विपश्यनेच्या शिबिरांचे नियमच स्पष्ट बजावतात. साधना शिकविणारे जो दावा करीत नाहींत, तो त्यांच्या वतीनें आमचे शेजारीपाजारी करतात! नियम वाचण्याचीहि तसदी न घेतां माणसास दहा दिवसांच्या मौनांत लोटणें म्हणजे त्याची काळजी घेणें नव्हे. त्याच्या दुखण्यापासून आपली दहा दिवस सुटका करून घेणें होय.

आतां पाटीकडे वळूं. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे तीन निरनिराळे व्यवसाय आहेत, हें सुशिक्षितांपैकींहि पुष्कळांस ठाऊक नसतें. पहिला वैद्यकीय पदवी घेऊन पुढें मनोविकारशास्त्राचें शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. औषध लिहून देण्याचा अधिकार या तिघांत त्याचा. दुसरा औषध देत नाहीं. परंतु त्याचें शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेंत, रुग्णांच्या सहवासांत झालेलें असावें लागतें, आणि १९९२ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत त्याचें नांव असावें लागतें. नोंदणीवांचून हा व्यवसाय करणारास त्या कायद्यांत एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. एक हजार रुपये! कित्येक ठिकाणीं एका बैठकीची फीहि आज याहून अधिक असते. दंड ज्यास एका बैठकींत फेडतां येतो, त्यास त्याचा धाक तो काय वाटणार?

तिसऱ्याची गोष्ट तर याहूनहि नाजूक आहे. मानसशास्त्रांत एम्. ए. करून, अनुभवी गुरूच्या देखरेखीखालीं वर्षानुवर्षें काम केलेली व्यक्ति स्वतःस समुपदेशक म्हणविते. आणि दोन शनिवार-रविवारांचा वर्ग करून, चौकटींत बसविलेलें प्रमाणपत्र भिंतीवर टांगणाराहि स्वतःस समुपदेशकच म्हणवितो. शब्द एक, पाटी एक, खुर्ची एक. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, हें बाहेरून ओळखावयाचें कसें? संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीं २०२१ सालीं जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या यादींत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचा समावेश करण्यांत आला, ही गोष्ट चांगली झाली. परंतु कायद्याची यादी आणि सामान्य माणसाच्या हातांतील कसोटी यांत अजून पुष्कळ अंतर आहे. तें तुटेपर्यंत पारख करण्याचा भार कुटुंबावरच पडतो. शहरांत चांगले, निष्ठेनें काम करणारे समुपदेशक आहेत, हें आम्ही जाणतों. आणि या गोंधळानें पहिला अन्याय होतो तो त्यांच्यावरच.

परंतु सारा दोष सरकारावर व भोंदूंवर टाकून मोकळें होण्याची आमची इच्छा नाहीं. भोंदूचें दुकान चालतें, कारण त्याच्याकडील माल आम्हांस हवा असतो. पुष्कळ कुटुंबांस समुपदेशक नको असून एक पंच हवा असतो, आणि तोहि आपल्या बाजूचा. सासूस हवें असतें कीं, त्यानें सुनेस समजावून सांगावें. बापास हवें असतें कीं, त्यानें मुलाच्या डोक्यांतून चित्रकलेचें खूळ काढून त्यास पुन्हा अभ्यासास बसवावें. आणि ज्याच्या संतापानें घर पोळलें आहे त्या नवऱ्यास हवें असतें कीं, बायकोनें मला राग येईल असें वागूं नये, हें कोणा शिकलेल्या माणसानें तिच्या गळीं उतरवावें. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! ज्यास उपचार हवा तो घरीं बसतो, आणि जो त्याच्यामुळें आजारी पडला तो समुपदेशकापुढें जाऊन रडतो. यांतील कोणाचीहि मागणी जो मुकाट्यानें पुरवितो तो "फार चांगला माणूस" ठरतो. आणि "आपणहि येऊन बसा" असें जो कर्त्या पुरुषास सांगतो, त्याच्याकडे दुसऱ्या बैठकीस कोणी फिरकत नाहीं.

रागाविषयीं एक गोष्ट आम्हांस स्पष्टपणें सांगावयाची आहे. "माझा रागावर ताबा राहत नाहीं" असें म्हणणारा गृहस्थ सातपूरच्या कारखान्यांत साहेबापुढें, बँकेंत अधिकाऱ्यापुढें, चौकांत पोलिसापुढें तो ताबा उत्तम राखून असतो. तो सुटतो घराचा उंबरठा ओलांडल्यावर, आणि तोहि ज्यांस उलट बोलतां येत नाहीं त्यांच्यावर. वड्याचें तेल वांग्यावर काढणें ही म्हण आमच्या पूर्वजांनीं उगाच केलेली नाहीं. ज्यास साहेबापुढें ताबा राखतां येतो, त्यास घरींहि तो राखण्यास शिकतां येतें, हीच त्याच्यासाठीं आशेची गोष्ट. आणि ज्यास तो राखतां येतो, त्यानें तो घरीं कां राखला नाहीं, हा त्याला विचारण्याचा प्रश्न. जेथें हात उगारला जातो तेथें तर हा केवळ स्वभावाचा प्रश्न उरत नाहीं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा तो विषय होतो. अशा घरांतील पति-पत्नींस एकाच खोलींत शेजारीं बसवून "दोघांनींहि थोडें थोडें सोडा" असें सांगणारा समुपदेशक कितीहि गोड बोलत असला तरी तो धोकादायक समजावा. कारण त्या खोलींत ती जें खरें बोलेल, त्याची किंमत तिला घरीं गेल्यावर मोजावी लागेल.

मग खरा जाणता करतो तरी काय? चिंतेचें उदाहरण घेऊं. ज्याची भीति वाटते तें माणूस टाळतो; टाळलें कीं क्षणभर हायसें वाटतें; आणि त्या हायसेपणामुळेंच भीति दुसऱ्या दिवशीं अधिक बळावते. घरचे लोक प्रेमापोटीं या टाळण्यास मदत करतात, व दुखण्यास खतपाणी घालतात. जाणता समुपदेशक हें चक्र कागदावर मांडून दाखवितो, आणि भीतीच्या वाटेवर लहान लहान पावलें टाकावयास लावतो. १९५५ च्या सुमारास अमेरिकेंत अल्बर्ट एलिस यांनीं आणि पुढें १९६० नंतरच्या दशकांत आरन बेक यांनीं ज्या उपचारपद्धति उभ्या केल्या, त्यांचें सार असें कीं, घडलेली गोष्ट आणि आपल्याला होणारा त्रास यांच्यामध्यें आपली एक समजूत उभी असते, व ती तपासून पाहतां येते. एलिस यांनीं याबाबत एपिक्टेटस या प्राचीन तत्त्ववेत्त्याचें ऋण मानलें आहे. तेव्हां जुन्या शहाणपणाशीं या विद्येचें वैर नाहीं. रागाविषयीं मात्र एक लोकप्रिय समजूत सपशेल खोटी ठरली आहे. उशीवर बुक्क्या मारा, ओरडा, म्हणजे राग निघून जाईल, असा सल्ला पुष्कळ देतात. २००२ सालीं ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानें केलेल्या प्रयोगांत, ज्यानें डिंवचलें त्याचें चिंतन करीत बुक्क्या मारणारांचा राग, स्वस्थ बसलेल्यांपेक्षां अधिकच राहिला. "सगळें बाहेर काढा" एवढेंच ज्याचें शास्त्र, त्याच्याकडून राग आवरण्याचें शिक्षण मिळणार नाहीं, हें यावरून उघड आहे.

खऱ्या जाणत्याची दुसरी खूण ही कीं, आपलें काम कोठें संपतें हें त्यास ठाऊक असतें. छातींतील धडधड व हातांचा कंप कधीं कधीं थायरॉईड ग्रंथीच्या अतिरेकामुळेंहि होतो. म्हणून तो आधीं डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास सांगतो. जगणें नकोसें झाल्याची भाषा ऐकली, किंवा दुखणें गंभीर दिसलें, तर तो विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची संवय लागते, आणि त्या मनानें घेणें व मनानें एकदम सोडणें दोन्ही घातक, हें तो जाणतो. म्हणून गोळ्यांविषयीं स्वतः फर्माने न सोडतां तो लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे बोट दाखवितो. उलट जो "डॉक्टरांचीं औषधें फेंकून द्या, माझ्या तीन बैठकांत बरे व्हाल" असें सांगतो, त्याच्या दारांतून तत्काळ मागें फिरावें.

तेव्हां पहिल्याच भेटींत पुढील प्रश्न विचारण्यास कोणीहि संकोचूं नये. आपलें शिक्षण कोठें झालें? कोणत्या नोंदवहींत आपलें नांव आहे? अशा प्रकारच्या तक्रारी आपण पूर्वीं हाताळल्या आहेत काय, आणि कोणत्या पद्धतीनें? फी किती व बैठका साधारण किती? आपण स्वतः अडलां तर कोणास विचारतां? आणि मी येथें जें बोलेन तें षट्कर्णीं होणार नाहीं ना? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें उपचार घेणारास गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. आणि जिवावर बेतण्याचा प्रसंग आल्यास त्या गुप्ततेस मर्यादा पडते, हें चांगला समुपदेशक आपण होऊन आधींच सांगतो. प्रश्न विचारल्यावर जो रागावतो, तो दुसऱ्याचा राग काय आवरणार?

पदवी व नोंद पाहून झाल्यावरहि एक गोष्ट उरते. १९७९ सालीं एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञानें उपचारांतील सहकार्याचीं तीन अंगें सांगितलीं: कोठें जावयाचें याविषयीं एकमत, त्यासाठीं काय करावयाचें याविषयीं एकमत, आणि दोघांमधील विश्वास. चार-पांच बैठकांनंतर हीं तीन अंगें रुग्णानें स्वतःशींच तपासावीं. विश्वास बसला नसेल तर तसें समुपदेशकास सांगावें, आणि तरीहि जमत नसेल तर दुसऱ्याकडे जावें. चष्म्याचा नंबर जुळला नाहीं म्हणून कोणी डोळ्यांवरचा विश्वास सोडीत नाहीं. परंतु एका समुपदेशकाशीं जमलें नाहीं कीं, "हें सगळें थोतांड आहे" असा निकाल देऊन आमचे लोक मोकळे होतात. मुलाच्या बाबतींत आणखी एक पथ्य. त्यानें खोलींत काय सांगितलें याची बाहेर येतांच उलटतपासणी करणारे आईबाप त्याचा उपचार आपल्या हातांनीं मोडतात.

यावर कोणी म्हणेल, हें सारें पैसेवाल्यांचें बोलणें झालें. आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर कुटुंबानें नव्हे, शासनानें द्यावयाचें आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत, निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतींत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावांचून राहतात, असें आढळलें. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, यावरून कोणी समाधान मानूं नये. केंद्र शासनानें १० ऑक्टोबर २०२२ पासून चालविलेली टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, व तेथें मराठींतून बोलतां येतें. ज्यास दाराबाहेर पडण्याची लाज वाटते त्यानें निदान तेथून आरंभ करावा. परंतु दूरध्वनीनें शहराची गरज भागत नाहीं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचें मुख्य ठाणें १९९८ पासून याच नाशकांत आहे. ज्या गांवीं सबंध राज्याच्या आरोग्यशिक्षणाचा कारभार चालतो, त्या गांवच्या नागरिकास पात्र समुपदेशकांची एक विश्वसनीय यादी एका ठिकाणीं सहज पाहावयास मिळूं नये काय? विद्यापीठ, महानगरपालिका आणि जिल्हा रुग्णालय यांनीं मिळून अशी यादी, शिक्षण व नोंदणीच्या तपशिलासह, प्रसिद्ध करावी आणि दरवर्षीं सुधारीत जावी, एवढी आमची मागणी आहे. तिला मोठा खर्च लागत नाहीं.

याच नाशकांत हं. प्रा. ठा. महाविद्यालयांत शिकविणाऱ्या वसंत कानेटकरांनीं १९५७ सालीं 'वेड्याचं घर उन्हात' हें मनोविश्लेषणात्मक नाटक मराठी रंगभूमीस दिलें. दुभंगलेलें मन पाहण्यास आमच्या मध्यमवर्गानें तिकिटें काढलीं, टाळ्या वाजविल्या, आणि घरीं येऊन आपल्या घरांतील तसल्याच मनावर पांघरूण घातलें. साठांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तें पांघरूण तसेंच आहे. ज्या वाचकांच्या घरांत आज कोणी रात्रभर जागा राहतो, किंवा कोणाच्या पावलांचा आवाज ऐकून मुलें गप्प होतात, त्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, या आठवड्यांत चौकशीस लागा. चार नांवें काढा, वरील प्रश्न विचारा, आणि पहिली वेळ ठरवितांना ती ज्याच्यामुळें घर घाबरतें त्याच्या नांवानें घ्या.